थेरडा, म्हातारा, आजोबा: एका सिस्टरच्या शब्दांच्या वहीचं प्रकरण

प्रकरण तसं छोटं आहे, एका शब्दाचं, पण मी अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं त्यातलं काय अर्धवट राहिलं होतं हे मला त्यातून कळलं, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतेय. मराठी शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांनाही उपयोगी पडेल असं वाटतं.

आमच्या वरच्या मजल्यावर तेव्हा तीन नर्स भाड्यानं राहायच्या. त्यातली एक केरळची, कोट्टयम जिल्ह्यातली, पुण्यात येऊन सात-आठ महिने झाले असतील. नाव देत नाही. दूधवाल्यापासून माझ्या नातवापर्यंत सगळे तिला सिस्टरच म्हणायचे, मीही इथं तेच म्हणते. इंग्रजी तिचं चांगलं, हिंदी कामापुरतं, पण वॉर्डात पेशंट येणार फलटण, इंदापूर, करमाळा, जामखेड असल्या भागातले, त्यातली वयस्कर माणसं हिंदी बोलायला लागली की निम्मं मराठीच बोलतात आणि हिला ते कळायचं नाही. एक दिवस खाली आली आणि म्हणाली, "काकू मला मराठी शिकवा, पेशंट बोलतो ते कळत नाही, मला पण बोलायचं आहे."

मला केवढा आनंद झाला. तिची ड्यूटी असेल तसं कधी सकाळी कधी संध्याकाळी अर्धा-पाऊण तास बसायचो. कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, कूस बदला, श्वास घ्या, लघवीला झाली का, असली वाक्यं तिनं दोन आठवड्यांत उचलली. मग शब्द वाढवायचे म्हणून मी तिला एक झेरॉक्स दिली. स्कॉलरशिपला बसणाऱ्या मुलांसाठी मीच कधीतरी काढलेली समानार्थी शब्दांची यादी होती ती, आणि हिला रोज माणसांशीच काम म्हणून मी त्यातले फक्त माणसांचे शब्द वेगळे करून दिले. मित्र, शत्रू, पाहुणा, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नोकर, चोर, कंजूष, आळशी, बडबड्या वगैरे. त्यात म्हातारा या शब्दासमोर एका ओळीत लिहिलेलं होतं: वृद्ध, वयस्कर, जख्ख, जरठ, थेरडा. मध्ये बरोबरचं चिन्ह, जसं गणितात असतं तसं.

तिनं ती यादी बसमध्ये जाता-येता पाठ केली, अगदी मनापासून.

मग काय झालं

वॉर्डात एक पंच्याहत्तरीचे आजोबा होते, फलटणच्या बाजूचे, खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. गोळी गालात धरून ठेवायचे आणि कुणी बघत नसलं की उशीखाली ठेवायचे. त्यांची सून सिस्टरला म्हणाली, "आमचं म्हातारं लई हट्टी हाय बघा, लहान लेकरापेक्षा अवघड." सिस्टरच्या कानावर शब्द पडला, म्हातारं. यादीतला शब्द ओळखू आला म्हणून तिला आनंदच झाला. आणि सून हसत हसत बोलत होती, म्हणजे शब्द चांगला असणार, असं तिनं धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांचा मुलगा आला, रात्रभर प्रवास करून, आणि त्यानं विचारलं की वडिलांनी नाष्टा केला का. ही म्हणाली, "नाही केला. थेरडं लई हट्टी आहे."

तिला वाटलं आपण सुनेचंच वाक्य म्हटलं, फक्त एक शब्द बदलून.

मुलगा जो तापला, आख्खा वॉर्ड गोळा झाला. "तुझ्या बापाला म्हण थेरडं" इथपासून सुरुवात झाली ती इनचार्ज सिस्टरपर्यंत गेली, हिच्याकडून लेखी खुलासा घेतला, आणि ज्या सुनेनं आदल्या दिवशी म्हातारं म्हटलं होतं ती पण रडायला लागली की आमच्या माणसाला असं बोलतात. हिला तर काय झालंय तेच कळेना. संध्याकाळी माझ्याकडे आली तेव्हा हातात ती झेरॉक्स होती, घडी पडून पडून मऊ झालेली, आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "काकू, इथे लिहिलं आहे सेम."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, कारण तिचं बरोबर होतं. मीच लिहून दिलं होतं सेम.

चूक नेमकी कुठं होती

आधी मला वाटलं की एक वाईट शब्द यादीत राहिला, तो काढला की झालं. पण जसजशी विचार करायला लागले तसं लक्षात आलं की प्रश्न एका शब्दाचा नाहीये. पाणी, जल, नीर, उदक शिकवताना बरोबरचं चिन्ह खपून जातं. तिथंही फरक आहेच, उदक कुणी तहान लागल्यावर मागत नाही, पण चुकीचा वापरला तर पाण्याला राग येत नाही. माणसाच्या शब्दाचं तसं नाही, तो समोर उभा असतो, ऐकत असतो, आणि त्या शब्दात त्याला कळतं की हा आपल्याला कुठं बसवतोय.

वरच्या एका वाक्यात तीन गोष्टी एकदम घडल्या होत्या.

पहिली, म्हातारा आणि थेरडा यांच्यातला फरक. म्हातारा हा शब्द नुसता वय सांगतो, थेरडा वय सांगतो आणि वर लाथ मारतो. थेरडा हा शब्द 'हा अजून मरत का नाही' असं ज्याच्याबद्दल वाटतं त्याच्यासाठी आहे, भांडणातला आहे. यात मला स्वतःला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे या शब्दाचं मूळ. संस्कृतात स्थविर म्हणजे वयानं आणि मानानं मोठा, अमरकोशात मनुष्यवर्गात वृद्ध, जीर्ण यांच्याच ओळीत स्थविर येतो. त्याचं पालीत आणि प्राकृतात झालं थेर. बौद्ध भिक्खूंमधले ज्येष्ठ ते थेर, भिक्खुणींमधल्या ज्येष्ठ त्या थेरी, थेरवाद म्हणतात तो हाच थेर. त्या थेरला मराठीत मागं डा लागला, बापुडा मधला डा, आणि शब्द खाली आला. म्हातारा सुद्धा महत्तर वरून आलाय, महत्तर म्हणजे जास्त मोठा, मुखिया माणूस. म्हणजे दोन्ही शब्द मुळात मानाचे, एक घसरत घसरत शिवीपर्यंत पोचला आणि एक मध्येच कुठंतरी थांबला. हे मी सिस्टरला नंतर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली मल्याळममध्ये पण आहे, वृद्धन म्हणजे म्हातारा, किळवन म्हणजे थेरडा, अप्पच्चन म्हणजे आपले आजोबा. आणि मग लगेच म्हणाली, "मी कोणाला किळवन कधीच बोलणार नाही." फरक तिला शिकवायची गरजच नव्हती, तिच्या भाषेत तो आधीपासून होता. मी फक्त एकदा विचारायला पाहिजे होतं की तुमच्याकडे काय म्हणतात.

दुसरी गोष्ट, म्हातारं यातला अनुस्वार. हे आपल्याला इतकं सवयीचं की कुणाला समजावून सांगावं लागेल असं वाटतच नाही. मराठीत तीन लिंगं आहेत आणि माणसाला नपुंसकलिंगात टाकलं की काहीतरी होतं, ते पोरगं, ते येडं, ते म्हातारं. कधी माया असते, कधी कीव, कधी तुच्छता, आणि त्यातलं कोणतं ते शब्दावरून कळतच नाही, बोलणारा कोण यावर कळतं. सून म्हणाली आमचं म्हातारं, त्यातला आमचं हा शब्द महत्त्वाचा, रात्ररात्र उशाशी बसलेल्या बाईचा तो हक्क आहे. तेच म्हातारं सिस्टरनं म्हटलं असतं तरी सुद्धा चाललं नसतं, थेरडं तर सोडाच.

तिसरी, कुणाबद्दल कुणापुढे. मुलासमोर त्याच्या बापाबद्दल बोलताना आपण नाम वापरतच नाही सहसा, नातं वापरतो. बाबांनी नाष्टा केला नाही, आजोबा ऐकत नाहीयेत. मराठीत सभ्य बोलणं म्हणजे पुष्कळ वेळा माणसाच्या प्रकाराचा शब्द टाळून नात्याचा शब्द घेणं. दवाखान्यात तर सगळेच नातेवाईक. आयाबाई मावशी, वॉर्डबॉय मामा, नर्स सिस्टर, मेल नर्स असला तर ब्रदर, पेशंट आजी नाहीतर काका नाहीतर ताई. हे कुठल्याच यादीत समानार्थी म्हणून येत नाही, आणि खरं तर म्हातारा या शब्दाच्या जागी सगळ्यात जास्त वेळा बोलला जाणारा शब्द आजोबाच आहे.

आधीचे घोटाळे, जे मला माहीतच नव्हते

मी तिला म्हटलं, आता मला सगळं सांग, आत्तापर्यंत कुठं कुठं लोक विचित्र बघायला लागले ते आठवून सांग. एकेक करून निघाले आणि त्यातले बरेच समानार्थी शब्दांचेच निघाले.

एका पेशंटला तिनं सांगितलं होतं, "तुमची भार्या बाहेर बसली आहे." तो माणूस हसायलाच लागला आणि त्याला टाक्यांमुळे हसणं पण सोसेना. यादीत पत्नीसमोर भार्या, कांता, दारा, अर्धांगिनी असं सगळं होतं आणि हिनं भार्या का निवडला, तर मल्याळममध्ये भार्या हाच रोजचा शब्द आहे. कुणीही आपल्या बायकोबद्दल सहज भार्या म्हणतं तिकडं. म्हणजे तिला ओळखीचा, सोपा, बोलीतला वाटलेला शब्द आपल्याकडे पोथीतला. याच्या उलट बायको हा शब्द ती घाबरत घाबरत वापरायची, कारण कुणीतरी तिला सांगितलं होतं की बायको गावंढळ वाटतं. 'माझी बायको' मध्ये काही गावंढळ नाही, पण 'तुमची बायको' म्हणण्याऐवजी 'तुमच्या मिसेस' किंवा 'वहिनी' बरं वाटतं ऐकणाऱ्याला, एवढाच काय तो फरक.

तसंच रोगी. मल्याळममध्ये पेशंटला रोगीच म्हणतात, साधा शब्द, आणि ती इथं म्हणायची "बेड नंबर बाराचा रोगी". मराठीत रोगी म्हटलं की माणूस कायमचा खंगलेला वाटतो, शरीरानं नाहीतर मनानं. फॉर्मवर रुग्ण, तोंडात पेशंट, रोगी जवळजवळ कुठंच नाही. यावरून तिला मी सांगितलं की बाबा आमट्यांच्या संस्थेचं नाव महारोगी सेवा समिती, वरोरा, १९४९ची संस्था, तेव्हा कुष्ठरोग झालेल्याला महारोगी म्हणणं रीतीचं होतं, पुढे कुष्ठरोगी म्हणायला लागले, आता कुष्ठरुग्ण. संस्थेचं नाव तेच राहिलं कारण ते नाव आहे, पण आज कुणी पेशंटला महारोगी म्हटलं तर ती शिवी होईल. वेडा आणि मनोरुग्ण याचंही तेच. आमच्या लहानपणी येरवड्याला वेड्यांचं इस्पितळ म्हणायचे, आता पाटीवर मनोरुग्णालय आहे. कायद्याचं इंग्रजी नाव सुद्धा १९१२ साली वेडेपणाचा कायदा अशा अर्थाचं होतं, १९८७ मध्ये ते मानसिक आरोग्याचं झालं. अपंगचं दिव्यांग तर आपल्या डोळ्यांदेखत झालं, २०१५च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून सुचवलं आणि बघता बघता सर्टिफिकेटवर, बसच्या सीटवर सगळीकडे तेच आलं. म्हणजे एकाच माणसासाठीचे दोन शब्द नुसते समान नसतात, ते वेगवेगळ्या काळातले पण असतात.

आणि आता ऐकून चुकीचं समजलेले. ही यादी मला फार आवडली.

एक बाई म्हणाली, "आमचे मालक ॲडमिट आहेत." हिनं फाइलवर पेशंटशी नातं या रकान्यात लिहिलं, कामगार. मालक म्हणजे नवरा हे तिला कसं कळणार, यादीत पती, भ्रतार, कांत, वल्लभ होतं! भ्रतार मी आयुष्यात अभंग-ओव्यांच्या बाहेर कुणाच्या तोंडून ऐकला नाही आणि तो यादीत होता, पण मालक, कारभारी, घरधनी, दादला, मिस्टर, आमचे हे, यातला एकही नव्हता. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आमचं कुटुंब काल रात्रीपासून इथंच आहे." हिला वाटलं आख्खं घर ॲडमिट आहे, ती बाकीचे बेड नंबर विचारत राहिली. कुटुंब म्हणजे बायको. मंडळी म्हणजे पण बायको, सत्तरीच्या पुढच्या माणसांच्या तोंडी. आणि कोल्हापूरकडचा एकजण तिच्या मागं उभा राहून तिसऱ्याच माणसाला हाक मारत होता, "ओ पावनं", तर तिनं विचारलं यांच्याकडे गेस्ट आलेत का. पाहुणा, अतिथी, अभ्यागत असं पाठ केलेलं, पण पाहुणा म्हणजे सोयरा, पाहुणा म्हणजे अनोळखी माणूस, पाहुणा म्हणजे पोरगी बघायला आलेला, हे कुठं लिहिलेलं असतं?

आम्ही काय केलं

झेरॉक्स बाजूला ठेवली आणि एक दोनशे पानी वही आणली. प्रत्येक पानावर एक प्रकारचा माणूस, वर चित्रासारखं तिच्या भाषेत लिहायचं तो कोण ते, आणि खाली जितके मराठी शब्द मिळतील तितके. फक्त प्रत्येक शब्दापुढे चार रकाने. कोण म्हणतं. समोर म्हणतात की मागे. तोंडी की कागदावर. आणि शेवटचा, सिस्टरनं म्हणायचं की नुसतं ऐकून समजायचं. हा शेवटचा रकाना तिनं स्वतः सुचवला आणि सगळ्यात उपयोगी तोच पडला. थेरडा गेला तिथं, समजायचं. मालक समजायचं. कुटुंब समजायचं. भ्रतार खोडून टाकला. वृद्ध कागदावर, ज्येष्ठ नागरिक कागदावर आणि माइकवर, २००७च्या कायद्याप्रमाणे साठीच्या पुढचे सगळे, एसटीत तर पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक म्हणून तिकीट नाही. वयस्कर, बोलायला चालतं, पण मागे. आजोबा, समोर.

लहान मुलांचं पान सगळ्यात भरलं. अर्भक आणि नवजात शिशू केसपेपरवर, बाळ सगळीकडे, तान्हं आजीच्या तोंडात, पोरगं गावाकडे, मूल पुस्तकात आणि बोलण्यात दोन्हीकडे, कार्टं आईनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी हसायचं. आणि लेकरू. मराठवाड्यातल्या बायका पन्नाशीच्या माणसाला सुद्धा लेकरा म्हणतात हे तिला एका आजीनं दाखवून दिलं, तिच्या हातातली सुई बघून आजी म्हणाली, "हळू टोच गं लेकरा." त्या दिवशी खाली येऊन पहिलं वाक्य, "काकू, मी लेकरू आहे."

स्वभावाचे शब्द आम्ही भराभर केले, कारण तिथं तिला एकच गोष्ट हवी होती, तोच गुण चांगल्या अंगानं कसा म्हणायचा. खादाड आणि अधाशी समजायचे, म्हणायचं खवय्ये. वाचाळ, तोंडाळ समजायचं, म्हणायचं गप्पिष्ट. हेकट, हेकेखोर समजायचं, हट्टी म्हणायचं ते पण प्रेमानं आणि फक्त आजोबांच्या नात्यात शिरल्यावर, जिद्दी मात्र फिजिओथेरपीच्या वेळी खुशाल म्हणायचं. भित्रा, भेकड, भ्याड नकोच, 'घाबरता काय' पुरतं. कंजूष, चिक्कू, चिंगूस, कवडीचुंबक याची तिला वॉर्डात काही गरज नव्हती पण कवडीचुंबकचा अर्थ सांगितल्यावर तिला तो इतका आवडला की तिनं रूममेटला लगेच लावून टाकला. आळशी आणि कामचोर यांच्यात मात्र आम्ही बराच वेळ काढला, कारण आळशी स्वतःच्या घरात असतो आणि कामचोर दुसऱ्याच्या पगारावर, आणि मामांना आळशी म्हटलं तर ते हसतील, कामचोर म्हटलं तर युनियनकडे जातील.

एक सांगायला हवं, शिकवणारी म्हणून. आपल्या परीक्षांमध्ये प्रश्न कायम एकाच दिशेचा असतो, समानार्थी शब्द ओळखा, गटात न बसणारा शब्द ओळखा. मुलं राजा म्हणजे नृप, भूप, भूपाल, नरेश पाठ करतात, स्त्री म्हणजे ललना, वनिता, अंगना पाठ करतात आणि मग निबंधात लिहितात, "रात्री ललना एकट्या प्रवास करू शकत नाहीत." मी असल्या वाक्याखाली लाल रेघ मारलीय कितीदा तरी, पण ते मूल तसं का लिहितं याचा विचार कधी केला नव्हता. आम्हीच त्याला फक्त सारखेपणा विचारतो, फरक कधी विचारत नाही. एका मार्काचा प्रश्न असा सुद्धा असू शकतो की यातला कोणता शब्द तू तुझ्या आजीला म्हणशील.

फलटणच्या आजोबांचं काय झालं

ती त्यांच्याकडे गेली. मी पाठवलं नव्हतं, स्वतः गेली, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी, वाक्य घरून पाठ करून. "आजोबा, मी चुकीचा शब्द बोलले, मला अर्थ माहीत नव्हता, माफ करा." मुलगा तिथंच होता, तो काही बोलला नाही. आजोबा म्हणाले, "अगं पोरी, आमची ही मला तिशीत असल्यापासनं थेरडंच म्हनती. तू काय नवीन म्हनलीस?" आणि आजी कोपऱ्यातून, "म्या म्हनीन, तिनं नाय म्हनायचं." सिस्टरनं हे दोन्ही संवाद मला जसेच्या तसे म्हणून दाखवले आणि म्हणाली, काकू आजीनं पहिला रकाना सांगितला. कोण म्हणतं.

सगळंच जमलं असं मात्र नाही. त्या प्रकारानंतर ती इतकी सावध झाली की दिसेल त्याला आजोबा म्हणायला लागली आणि एका अठ्ठावन्न वर्षांच्या, केस काळे केलेल्या गृहस्थांनी तिला विचारलं, मी आजोबा दिसतो का तुम्हाला. काका आणि आजोबा यांच्यामधली रेघ कुठं आहे हे मला वहीत लिहून देता आलं नाही. मी म्हटलं, शंका आली की काका. बायकांचं अजून अवघड, ताई, मावशी, काकू, आजी, आणि शहरातल्या काहीजणींना फक्त मॅडम. तिथं ती अजूनही अडखळते.

आणि एक पान असं आहे ज्याच्यावर मी लिहायचं टाळत होते आणि तिनंच लिहायला लावलं. बाहेरून आलेला माणूस. तिला वॉर्डात मागून मद्रासी म्हणायचे, कोट्टयमच्या मुलीला. कुणी कौतुकानं म्हणायचं, कुणी नाही. तिनं विचारलं हा शब्द कुठल्या रकान्यात, मी म्हटलं मागे, आणि समजायचं, आणि तो चूक पण आहे. मग परप्रांतीय लिहिला, पेपरातला. भय्या लिहिला, मूळचा अर्थ भाऊ आणि आपण त्याचं काय केलं ते ती हिंदीमुळे ओळखूनच होती. तिनं सांगितलं की केरळात बंगाल-आसाम-ओडिशाकडून कामाला येणाऱ्यांना सरकारी भाषेत अतिथी तोळिलाळी म्हणतात, पाहुणे कामगार. मी विचारलं, आणि लोक काय म्हणतात? ती म्हणाली लोक बंगाली म्हणतात सगळ्यांना, कुठलाही असू दे. आम्ही दोघींनी ते पान तसंच ठेवलं, दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी.

शेवटचं पान, निदान मला दाखवलेलं शेवटचं, विधवा या शब्दाचं होतं. ॲडमिशनच्या फॉर्मवर वैवाहिक स्थिती हा रकाना असतो आणि ती बायकांना थेट विचारायची, "विधवा आहे का?" एक बाई उत्तर न देता नुसती बघत राहिली होती तिच्याकडे. म्हणून तिला शब्द हवा होता, दुसरा. मी तिला सांगितलं की २०२३च्या एप्रिलमध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवा ऐवजी गंगा भागीरथी म्हणावं असं सुचवलं होतं, जुन्या पत्रांत गं. भा. असायचं ते, आणि कितीतरी बायकांनीच त्याला विरोध केला, कारण नाव बदललं तरी बाईला नवऱ्याच्या असण्यानसण्यावरूनच ओळखायचं हे तसंच राहतं. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२च्या मे महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला होता की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं असल्या प्रथा बंद. त्यांनी शब्दाला हात लावला नाही, रीतीला लावला. तिनं दोन्ही लिहून घेतलं. मग चार रकाने भरायला बसली. कागदावर, हो. मागे, हो. समजायचं, हो. समोर, याच्यापाशी थांबली आणि माझ्याकडे बघितलं. माझे मिस्टर जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, तिला माहीत होतं.

मी म्हटलं, तो रकाना मोकळा ठेव.

"मग मी फॉर्मवर काय विचारू, काकू?"

थोडा वेळ आम्ही दोघी वेगवेगळी वाक्यं म्हणून बघत होतो, मोठ्यानं, मी पेशंट होऊन ती सिस्टर होऊन. मिस्टर काय करतात, नको. मिस्टर आहेत का, ते तर नकोच. शेवटी जे बरं वाटलं ते तिनं त्या मोकळ्या रकान्यात लिहिलं, मल्याळम वळणाच्या गोल गोल देवनागरीत, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"